गोल करवतीच्या पात्याची निवड : खर्डी परिसरातील लाकूडकामाच्या संदर्भात

बीजशब्द : गोल करवत, टेबल सॉ, टंगस्टन कार्बाइड, सागवान, कापाची रुंदी, शहापूर तालुका

प्रस्तावना :

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर खर्डी हे गाव वसलेले आहे. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे पलीकडे गेली आणि या पट्ट्यातील लाकूड मुंबईच्या बाजारपेठेशी अधिक निकट जोडले गेले. शहापूर वनविभागातील एक वनपरिक्षेत्र खर्डीच्या नावाने ओळखले जाते. तानसा जलाशय व त्याभोवतीचे, १९७० साली जाहीर झालेले अभयारण्य येथून दूर नाही. साग, ऐन, धावडा, खैर, हेद, कळंब, शिवण, मोह असा मिश्र पानझडी वृक्षसमूह हे या वनांचे स्वरूप होय. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या समाजांची घरे, शेतीची अवजारे आणि गावोगावचे सुतारकाम या लाकडावर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले.

एकेकाळी ओंडका उंच घोडीवर चढवून एक माणूस वर व एक खाली अशा दोघांनी मोठी करवत ओढावी आणि दिवसाकाठी मोजक्या फळ्या पाडाव्यात, अशी रीत होती. आता ओंडका सॉ मिलमध्ये चिरला जातो आणि तेथून आलेल्या फळ्यांवर सुतार आपल्या कार्यशाळेत विजेच्या गोल करवतीने पुढील काम करतो. मेजाच्या मध्यभागी फट, फटीतून वर डोकावणारे गोल दातेरी पाते आणि मेजाखाली मोटर, एवढीच या यंत्राची रचना असते. इंग्रजी नावाने त्यास टेबल सॉ म्हणतात.

यंत्र विकत घेताना मोटरची शक्ती, मेजाचा आकार व किंमत यांची बारकाईने चौकशी होते. पात्याविषयी मात्र ‘जास्त दात म्हणजे चांगले पाते’ एवढ्या समजुतीवर भागवले जाते आणि एकदा बसवलेले पाते दात बोथट होईपर्यंत सर्व कामांना वापरले जाते. वस्तुतः लाकडाला प्रत्यक्ष स्पर्श करतो तो केवळ दात. मोटर कितीही सशक्त असली तरी चुकीच्या पात्यामुळे लाकूड जळते, किनार फुटते, महागडे सागवान भुशात जाते आणि प्रसंगी कारागिराचा हात जायबंदी होतो. ही निवड कोणत्या आधारावर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

चिरणे आणि तोडणे :

लाकूड हे एकजिनसी द्रव्य नव्हे. झाडाच्या खोडात उभ्या दिशेने गेलेल्या सूक्ष्म नळ्यांचा व तंतूंचा तो जुडगा असतो. या तंतूंच्या दिशेने कापणे म्हणजे चिरणे आणि त्यांना आडवे कापणे म्हणजे तोडणे. सुतारांच्या बोलण्यात हा भेद पूर्वापार असून हातकरवतीही दोन कामांसाठी दोन प्रकारच्या ठेवल्या जात. यांत्रिक करवत आल्यावर मात्र हा विवेक मागे पडला.

चिरताना दात तंतूंच्या लांबीच्या दिशेने जातो. येथे तंतू तोडण्याचे काम कमी आणि एकमेकांपासून सुटे करून उपसण्याचे काम अधिक असते. त्यामुळे छोट्या पटाशीप्रमाणे सपाट धारेचा दात उत्तम चालतो. निघणारा भुसा लांबट, तंतुमय व भरपूर असतो, म्हणून दोन दातांमधील खाच खोल व ऐसपैस हवी. तोडताना याच्या नेमके उलट घडते. प्रत्येक तंतू आडवा छेदला जावा लागतो. सपाट धारेचा दात तंतूला छेदण्याऐवजी ढकलतो, वाकवतो आणि शेवटी फाडतो. फळीच्या कडेला उडालेले कपचे हा त्याचाच परिणाम. यासाठी दाताचे टोक सुरीसारखे तिरके हवे, एका दाताचा उतार डावीकडे तर पुढच्याचा उजवीकडे, म्हणजे कापाच्या दोन्ही कडा आधी चाकूने आखल्यागत छेदल्या जातात आणि मधला भाग मागाहून निघतो.

प्लायवूडमध्ये ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. प्लायचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने पाते कोणत्याही दिशेने चालवले तरी त्यातील निम्म्याच्या आसपास थर आडवेच कापले जातात. म्हणून प्लायला नेहमी तोडण्याच्या जातीचे, अधिक दातांचे पाते लावणे हितावह ठरते.

दातांची संख्या :

दातांच्या संख्येचा विचार आकड्यांनिशी केल्यास बराच गोंधळ दूर होतो. २५४ मिमी, म्हणजेच १० इंची पाते उदाहरणादाखल घेऊ. त्याचा परीघ सुमारे ७९८ मिमी येतो. त्यावर २४ दात असल्यास दोन दातांमधील अंतर सुमारे ३३ मिमी, ६० दात असल्यास १३ मिमी आणि ८० दात असल्यास १० मिमी पडते. आता ४० मिमी जाडीची सागवानी फळी मेजावर ठेवून पाते मेजाच्या वर ५० मिमी उचलले, तर पात्याच्या परिघाचा सुमारे ६६ मिमी लांबीचा कंस एका वेळी लाकडात असतो. म्हणजे २४ दातांच्या पात्याचे दोन, ६० दातांच्या पात्याचे पाच आणि ८० दातांच्या पात्याचे सहा ते सात दात एकाच क्षणी लाकूड कापत असतात.

याच पात्यांनी १२ मिमी प्लाय कापू लागल्यास चित्र पालटते. पाते २० मिमी वर ठेवल्यावर लाकडातील कंस जेमतेम २७ मिमी राहतो. २४ दातांच्या पात्याचा येथे एक दात बाहेर पडतो आणि दुसरा आत शिरण्यापूर्वी क्षणभर एकही दात लाकडात नसतो. परिणामी प्रत्येक दात हातोडीसारखा आदळतो व प्लायचा पातळ पृष्ठथर उखडतो. ६० दातांचे पाते लावल्यास दोन आणि ८० दातांचे लावल्यास जवळजवळ तीन दात सतत कामात राहतात. एका वेळी किमान दोन दात लाकडात असावेत, हा व्यावहारिक नियम येथूनच आला आहे.

मग जाड फळीलाही ८० दातांचे पाते लावल्यास काय बिघडते, असा प्रश्न स्वाभाविकपणे उद्‌भवतो. त्याचे उत्तर प्रत्येक दाताच्या वाट्याला येणाऱ्या घासात आहे. मोटर मिनिटाला २,८८० फेरे घेत असेल आणि मोटरवर १०० मिमीची व पात्याच्या दांड्यावर ७५ मिमीची पुली असेल, तर पाते मिनिटाला सुमारे ३,८४० फेरे घेते. कारागिराने मिनिटाला ६ मीटर या गतीने फळी पुढे सरकवली, तर २४ दातांच्या पात्याचा प्रत्येक दात ०.०६५ मिमी जाडीचा पापुद्रा काढतो. ८० दातांच्या पात्याचा दात केवळ ०.०२ मिमी काढतो. इतका पातळ घास हा काप राहत नाही, ते घर्षण होते. त्यातच जाड फळीत गती मंदावते आणि घास आणखी पातळ होतो. दात लाकूड न कापता त्यावर घासत राहतात, अरुंद खाचा भुशाने भरून जातात, पाते तापते व लाकडाच्या कडेवर काळे डाग पडतात. सागवानावर दिसणारे असे जळके पट्टे पाते बोथट झाल्याचे लक्षण मानले जातात. अनेकदा पाते नवे कोरे असते, चूक दातांच्या संख्येत असते.

सारांश, जाड घन लाकूड चिरण्यास १० इंची पात्यावर २४ ते ३० दात, आडवे तोडण्यास ६० आणि प्लाय, सनमायका लावलेले बोर्ड यांसाठी ६० ते ८० असे प्रमाण योग्य ठरते. ४० ते ५० दातांची मिश्र कामाची पातीही मिळतात. ज्याला दिवसातून दहा वेळा पाते बदलणे शक्य नाही त्याला ती उपयोगी आहेत. परंतु ती दोन्ही कामे बरी करतात, उत्तम कोणतेच करत नाहीत.

दाताचा आकार व झुकाव :

सपाट दात चिरण्यासाठी आणि आलटून-पालटून तिरके दात तोडण्यासाठी, हे वर आलेच आहे. तिसरा एक आकार विशेष उल्लेखनीय आहे. त्यात एका दाताचे दोन्ही कोपरे छाटलेले असतात व तो किंचित उंच असतो. त्यामागचा दात सपाट व किंचित ठेंगणा असतो. पहिला मधोमध वाट काढतो, दुसरा कडा साफ करतो. एमडीएफ, भुशाचे दाबीव बोर्ड, सनमायका यांसारख्या कठीण, ठिसूळ व डिंकयुक्त पदार्थांत तिरक्या दाताची नाजूक टोके लवकर झिजतात. तेथे हा आकार दीर्घकाळ टिकतो.

दात पात्याच्या मध्यापासून पुढे किती झुकलेला आहे, यावर लाकूड ओढले जाण्याची प्रवृत्ती अवलंबून असते. २० अंशांच्या आसपास झुकलेला दात लाकूड आपणहून आत खेचतो, त्यामुळे चिरताना हाताला श्रम कमी पडतात. १० अंश वा त्याहून कमी झुकाव असलेला दात सावकाश पण स्वच्छ कापतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापण्याच्या पात्यांचे दात तर पाठीकडे झुकलेले असतात, कारण तेथे धातू खेचला जाणे धोक्याचे असते. खिडक्यांची ॲल्युमिनियमची कामे घेणारा कारागीर लाकडाचे पाते त्याच कामाला वापरतो, तेव्हा तो याच धोक्याला निमंत्रण देत असतो.

परिसरातील लाकूड :

पुस्तकी कोष्टके बहुधा पाश्चात्त्य देशांतील ओक, पाइन, मेपल यांना डोळ्यांपुढे ठेवून तयार झालेली असतात. खर्डीच्या सुतारापुढे असते ते साग, ऐन, शिवण आणि आंबा. यांपैकी सागाची गोष्ट विलक्षण आहे. वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलोग्रॅम, म्हणजे मध्यम. हाताला तो मऊसर व तेलकट लागतो. असे असूनही तो धार झपाट्याने खातो. सागाच्या पेशींत सिलिका, अर्थात वाळूचेच द्रव्य, सूक्ष्म कणरूपाने साठलेले असते. वजनाच्या मानाने ते एखाद्या टक्क्याच्या आसपास असले तरी पोलादी धारेला ते पुरेसे ठरते. कानशीने धार लावलेले साधे पोलादी पाते सागात काही तासांतच मंद होते, ही तक्रार जुनी आहे आणि तिचे कारण हे आहे.

या अडचणीवर तोडगा निघाला तो १९२० च्या दशकात जर्मनीत. टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्ट धातूत बांधून अतिकठीण तुकडे बनवण्याचे तंत्र तेथे सिद्ध झाले आणि क्रुप या उद्योगसमूहाने ‘विडिया’ या नावाने ते बाजारात आणले. हिऱ्यासारखा अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते नाव पडले. भारतातील कारखान्यांत हे व्यापारी नाव इतके रुळले की आजही अनेक कारागीर कार्बाइडच्या तुकड्याला विडियाच म्हणतात. गोल करवतीच्या पोलादी तबकडीवर प्रत्येक दाताच्या जागी असा तुकडा पितळ-चांदीच्या डाकाने जोडला की ते टीसीटी पाते होते. सागासाठी, तसेच डिंकयुक्त बोर्डांसाठी टीसीटी पाते घेणे ही चैन नसून काटकसर आहे.

ऐन हे घनमीटरला साडेआठशे किलोग्रॅमच्या आसपास भरणारे जड लाकूड आहे. त्यातील तंतू कधी कधी सरळ नसून एकमेकांत गुंतलेले असतात. चिरताना ते आपले अंतर्गत ताण मोकळे करते आणि कापाच्या दोन्ही बाजू पात्यामागे पुन्हा जवळ येऊन पात्याला चिमटीत धरतात. खैर व धावडा त्याहूनही चिवट. येथे कमी दातांचे पाते आणि संथ हात हवा. शिवण याउलट हलकी आहे. ती सहज कापली जाते, परंतु बोथट दाताने तिच्या कडेला लव उठते. आंबा पुष्कळ वापरला जातो, पण तो बहुधा पुरेसा वाळवलेला नसतो. ओल्या लाकडाचा भुसा चिकट असतो व खाचांत लपेटतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भागात जून ते सप्टेंबर हवेतील दमटपणा इतका असतो की उन्हाळ्यात वाळलेली फळीही पुन्हा ओलावा घेते. पावसाळ्यात तेच पाते, तेच लाकूड आणि तोच हात असूनही यंत्र का अडखळते, याचे उत्तर बहुतांशी या ओलाव्यात सापडते.

जुन्या घरांचे लाकूड हा वेगळा प्रकार. पाडलेल्या घरांचे वासे, तुळया, चौकटी यांतील साग जुना, पूर्ण वाळलेला व स्थिर असल्याने सुतार तो आवडीने घेतात. तथापि त्यात खिळे दडलेले असतात. कार्बाइड अतिकठीण असले तरी ठिसूळ असते. खिळ्यावर आदळल्यास त्याचा तुकडा तुटतो आणि सेकंदाला पन्नास मीटरच्या वेगाने कोठेही उडतो. अशा लाकडावरून आधी लोहचुंबक फिरवावे, काळे डाग पडलेल्या जागा खरवडून पाहाव्यात आणि त्या कामासाठी जुने, वेगळे पाते ठेवावे. नव्या ८० दातांच्या पात्याने जुनी चौकट कापणे हा उधळपट्टीचा कळस होय.

कापाची रुंदी, लाकूड आणि वीज :

पाते लाकडात जी वाट काढते, तेवढ्या रुंदीचे लाकूड भुसा होऊन जाते. १० इंची सामान्य पात्याच्या कापाची रुंदी सुमारे ३.२ मिमी, तर पातळ जातीच्या पात्याची २.४ मिमी असते. पाऊण मिलिमीटरचा हा फरक नगण्य वाटतो. मात्र दोन्ही कडा सरळ केलेल्या २२५ मिमी रुंदीच्या फळीतून २० मिमीच्या पट्ट्या काढावयाच्या आहेत, असे समजा. दहा पट्ट्यांना नऊ काप लागतात. पातळ पात्याने २०० अधिक २१.६, म्हणजे २२१.६ मिमी लागतील व दहा पट्ट्या निघतील. जाड पात्याने २२८.८ मिमी लागतील, म्हणजे दहावी पट्टी निघणारच नाही. दहा टक्के माल एका पात्यावर अवलंबून राहिला.

सागाच्या बाबतीत हा हिशेब अधिक बोचरा आहे. मालकीच्या जमिनीतील सागाचे झाडही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही. टी. एन. गोदावर्मन प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर वनांतील तोड व सॉ मिल यांवरील नियंत्रण देशभर कडक झाले. लाकूड परवानगीने तुटते, शिक्का लागून व वाहतूक पास घेऊन येते आणि म्हणूनच महाग पडते. इतक्या सायासाने आलेल्या लाकडाचा दहावा हिस्सा भुशाच्या पोत्यात जाऊ द्यावा काय, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.

पातळ पात्याचा दुसरा लाभ विजेशी निगडित आहे. कापाची रुंदी चतुर्थांशाने घटली की कापण्यास लागणारी शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात घटते. ग्रामीण भागात लांबवर गेलेल्या वाहिनीच्या टोकाला विद्युतदाब उतरणे हा नेहमीचा अनुभव. मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० व्होल्टऐवजी १९० व्होल्ट मिळाल्यास तिची ओढण्याची कमाल ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. दोन अश्वशक्तीच्या मोटरवर ३.२ मिमीचे पाते जाड ऐनात घातले की ती गुरगुरू लागते, तापते आणि गुंडाळी जळण्याचा धोका निर्माण होतो. मोठी मोटर घेण्यापूर्वी पातळ व कमी दातांचे पाते लावून पाहणे स्वस्त पडते. अर्थात पातळ तबकडी लवकर लपकते, त्यामुळे ती तापू देऊ नये आणि जाड कठीण लाकडात घाई करू नये, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

वेग आणि सुरक्षितता :

प्रत्येक पात्यावर व्यास, दांड्याच्या छिद्राचा व्यास, दातांची संख्या आणि मिनिटाला कमाल फेरे ही माहिती छापलेली असते. यांपैकी शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा असूनही सर्वांत कमी वाचला जातो. वर उल्लेखिलेले १० इंची पाते ३,८४० फेऱ्यांना परिघावर सेकंदाला ५१ मीटर वेगाने धावते. हा वेग लाकडासाठी योग्य आहे.

टेबल सॉ परवडत नसलेले अनेक कारागीर हातात धरावयाचा कटर प्लायच्या फळीखाली उलटा बसवून त्याचेच मेज बनवतात. ही कल्पकता कौतुकास्पद असली तरी येथेच मोठे अपघात घडतात. संगमरवर कापण्यासाठी बनलेला ४ इंची कटर मिनिटाला सुमारे १३,००० फेरे घेतो. ११० मिमीच्या पात्याचा परिघावरील वेग त्यात सेकंदाला ७५ मीटर होतो. अधिक खोल काप मिळावा म्हणून त्याचे झाकण काढून त्यावर ७ इंची पाते बसवले, तर तो वेग १२० मीटरच्या पुढे जातो. हे पाते तेवढ्या फेऱ्यांसाठी बनलेलेच नसते. दात निखळू शकतात, तबकडी तडकू शकते. छिद्र मोठे म्हणून पत्र्याची कडी करून घालणे हा तर त्याहून घातक प्रकार आहे, कारण मध्य किंचितही सरकला की पाते थरथरू लागते. छिद्र मोठे असल्यास त्याच मापाची कारखान्यात बनलेली अचूक कडीच वापरावी.

पात्याच्या पाठीमागचे दात वर येत असतात. लाकूड चिमटले गेले वा गाइडपासून ढळले, तर हे दात त्याला उचलून कारागिराच्या अंगावर फेकतात. हे टाळण्यासाठी पात्यामागे एक स्थिर पोलादी पट्टी बसवलेली असते. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. पट्टी तबकडीपेक्षा जाड आणि कापाच्या रुंदीपेक्षा पातळ असली पाहिजे. येथे पात्याच्या निवडीचा थेट संबंध येतो. ३.२ मिमीच्या पात्यासोबत आलेली पट्टी २.४ मिमीच्या पात्यामागे ठेवली तर लाकूड तिच्यावर अडकते. मग कारागीर पट्टीच काढून टाकतो आणि ती पुन्हा कधीच बसत नाही. पातळ पाते घेताना त्याला साजेशी पट्टी घेणे म्हणूनच अनिवार्य आहे.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या २१ व्या कलमाने यंत्रांचे धोकादायक भाग झाकण्याचे बंधन घातले होते. पण मूळ कायद्यातील व्याख्येनुसार विजेवर चालणारा कारखाना म्हणजे दहा वा अधिक कामगारांचा. दोघा-तिघांच्या कार्यशाळा त्या कक्षेत कधी आल्याच नाहीत. त्यांच्या बाबतीत तपासनीस म्हणजे कारागीर स्वतःच. भुशाबाबतही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाचा भुसा मानवास कर्करोगकारक असल्याचे मान्य केले. बारीक दातांचे पाते बारीक धूळ करते व ती श्वासात खोल जाते, हेही पाते निवडताना ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्रत्यक्ष निवड व निगा :

नव्याने कार्यशाळा थाटणाऱ्याने मोठी रक्कम एकाच महागड्या पात्यात गुंतवण्यापेक्षा २४ दातांचे चिरण्याचे व ६० दातांचे तोडण्याचे अशी दोन मध्यम किमतीची टीसीटी पाती घ्यावीत. बोर्डाचे काम नियमित येऊ लागले तर छाटलेल्या कोपऱ्यांच्या दातांचे तिसरे घ्यावे. दुकानात पाते उजेडात धरून पाहावे. कार्बाइडचा तुकडा पुरेसा जाड आहे काय, कारण तो जितका जाड तितक्या अधिक वेळा त्यास धार लावता येते. डाकाची रेघ अखंड आहे काय. तबकडी सपाट आहे काय. फार चकचकीत रंग व अवास्तव स्वस्त किंमत एकत्र आढळल्यास जपून राहावे.

सनमायका लावलेला बोर्ड कापताना चांगली बाजू वर ठेवावी. टेबल सॉवर पुढचे दात वरून खाली येतात आणि कपचे खालच्या बाजूस उडतात. हातातील कटरने कापताना हाच नियम उलटा होतो. मेजाची फट रुंद झाली असल्यास तिच्यावर पातळ प्लायची नवी पट्टी घट्ट बसवून पाते हळूहळू वर उचलत तिच्यातूनच नवी चीर पाडून घ्यावी. मग खालचीही कड स्वच्छ येते. खर्च प्लायच्या एका तुकड्याचा.

सागाचे तेल व बोर्डाचा डिंक दातांच्या बाजूंवर तपकिरी थर धरतो. असा थर चढलेले पाते बोथट भासते आणि विनाकारण धारेला पाठवले जाते. ते यंत्रातून काढून साबणाच्या कोमट पाण्यात काही वेळ ठेवून नायलॉनच्या ब्रशने घासावे, कोरडे पुसावे व हलका तेलाचा हात फिरवावा. कॉस्टिक सोडा वापरू नये, त्याने कार्बाइड बांधून ठेवणाऱ्या द्रव्याला व डाकाला इजा पोहोचते. खरोखरच धार गेली असेल, तर कानस उपयोगाची नाही. कार्बाइडला हिऱ्याच्या चाकावरच धार लागते आणि तशी यंत्रे मोठ्या बाजारपेठांतच असतात. खर्डीहून त्यासाठी कसारा लोकलने खाली उतरावे लागते, म्हणून हाताशी दुसरे पाते असणे भाग आहे. नेताना पात्याच्या दातांभोवती जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा जाड पुठ्ठा गुंडाळावा. कार्बाइडचे कोपरे प्रवासात एकमेकांवर आपटूनही तुटतात.